तिकिटावरचे तास आणि भंडाऱ्याचा रोजा

रमजानमध्ये उमऱ्याला निघालेल्या माणसाला भंडाऱ्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती तासांत पोहोचणार?’ उत्तर तिकीट पाहून दिले जाते आणि तिथेच घोळ होतो. तिकिटावर निघण्याची वेळ भारताची असते, उतरण्याची सौदीची, आणि दोन्हींत अडीच तासांचा फरक. मुंबईहून दुपारी दोनला सुटणारे विमान जिद्दाला पावणेपाचला उतरते असे वाचून कुणी पावणेतीन तासांचा प्रवास समजतो. प्रत्यक्षात तो सव्वापाच तासांचा. परतीच्या तिकिटावर उलट प्रवास अडीच तासांनी लांबलेला भासतो.

हा केवळ घड्याळाचा गमतीचा भाग नाही. रोजेदारासाठी तो पोटाचा आणि औषधाच्या वेळेचाही हिशेब आहे. भंडारा, नागपूर आणि मक्का ही तिन्ही 21 ते 22 अंश अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. म्हणजे विमान जवळपास सरळ पश्चिमेला, सूर्याच्या मागोमाग जाते. सूर्य तासाला 15 रेखांश ओलांडतो आणि भंडारा ते जिद्दा अंतर साधारण 40 रेखांशांचे. भंडाऱ्यात सहरी करून जिद्दात इफ्तार करणाऱ्याचा रोजा त्यामुळे सुमारे दोन तास चाळीस मिनिटांनी लांबतो. मार्चमधला साडेतेरा तासांचा रोजा सोळा तासांच्या पुढे जातो. मनगटावरचे घड्याळ भंडाऱ्याची मगरिब दाखवत असले तरी खिडकीबाहेर सूर्य दिसतो तोवर इफ्तार नाही.

नागपूर ते जिद्दा हवाई अंतर सुमारे 4,100 किलोमीटर, मुंबईहून सुमारे 3,500. पण माणूस विमानतळावर राहत नाही. पहाटे पाचला भंडारा सोडायचे, नागपूर गाठायचे, दीड तास उडून मुंबई, तिथे तीन-चार तासांची बसकण, मग जिद्दा, तिथली तपासणी आणि शेवटी मक्केपर्यंतची बस. हे सगळे सहज अठरा तासांवर जाते. विमान परवडत नाही म्हणून भंडारा रोडहून विदर्भ एक्स्प्रेसने निघालेल्याची तर एक रात्र गाडीतच जाते. टूरवाल्यांच्या पत्रकावर हॉटेलचे फोटो असतात, हॉटेल हरमपासून किती मीटर तेही असते. घरापासून हॉटेलपर्यंतचे तास मात्र कुठेच नसतात. ते छापायलाच हवेत.

प्रवासात रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत सूरह बकराच्या 184 व 185 या आयतींत आहे. तरीही मधुमेह असलेले वडीलधारे हट्टाने रोजा ठेवतात आणि घरचेही कौतुकाने मान डोलावतात. या कौतुकाऐवजी अठरा तासांचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेतला, तर ते अधिक प्रेमाचे होईल.

नागपूरहून हजसाठी थेट विमाने सुटतात. 2022 मध्ये नागपूर त्या यादीतून वगळले गेले, विदर्भाच्या हाजींना मुंबईला जावे लागले. 2023 मध्ये ते परतले. हजच्या हंगामात जे जमते, ते रमजानच्या महिन्यात आठवड्यातून एक-दोनदा का जमू नये? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ इथले प्रवासी एकत्र मोजले तर विमान रिकामे जाणार नाही. ही मोजणी टूरवाल्यांनी आणि मशिदींच्या समित्यांनी ईदनंतर लगेच सुरू करावी, कारण पुढच्या रमजानची तिकिटे तेव्हापासूनच घेतली जातात.