गाळाचं शास्त्र कुणाचं?

विद्यापीठात भूरूपशास्त्र नावाचा एक विषय आहे. डोंगर कसा झिजतो, नदी दगडाची वाळू कशी करते, माती कुठून उचलते नि कुठं नेऊन टाकते, याचं हे शास्त्र. आपली पोरं म्हणतात, यावर पोट भरंल का? मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. मी म्हणतो, हाच विषय शिका.

गाळाशी आपली ओळख पुस्तकाच्या आधीची आहे. खाडीत भरती-ओहोटीबरोबर गाळ फिरतो. बंदर खोल ठेवायचं तर तो सारखा उपसावा लागतो. नदीचं गोडं पाणी खाऱ्याला भिडलं की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, तळाला बसतात. प्राध्यापक हे फळ्यावर लिहितो. आमच्या पायांना ते ठाऊक असतं. आणि शहराच्या गटारातला गाळ कोण काढतं, हे काय सांगायला पाहिजे? २०१३ साली कायदा झाला, तरी माणसं गटारात गुदमरून मरतात. गाळ आमच्या हातात आणि त्याचं शास्त्र दुसऱ्यांच्या. ही वाटणी केली कुणी?

हे शास्त्र काय आभाळातून पडलेलं नाही. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी खाणमालकांनी पाण्याचे झोत मारून डोंगर धुतले. राडा नदीतून खाली आला, शेतं गाडली गेली. १८८४ साली कोर्टानं ते रोखलं. पुढं ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टनं बर्कलीत पन्हळी बांधल्या, त्यात पाणी सोडून किती प्रवाहाला किती वाळू वाहते ते मोजलं, १९१४ साली छापलं. कुणाचा राडा कुणाच्या दारात, या भांडणात आकडे लागतात. आकडे नसले की गरिबाचं गाऱ्हाणं म्हणजे नुसती रडारड.

आपल्याकडंच बघा. कोलकात्याचं बंदर गाळानं भरू नये म्हणून गंगेवर १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाला. इंजिनियर कपिल भट्टाचार्यांनी आधीच धोका सांगितला होता. कुणी ऐकलं नाही. मालद्यात नदी काठ खात सुटली, गावंच्या गावं गेली.

बाबासाहेबांना हे कळत होतं. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखातं सांभाळताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घातला. १९२७ साली ज्यांना चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी लढावं लागलं, त्यांनी देशाच्या नद्यांचा हिशेब मांडला. आणि आपण जयंतीला ढोल बडवायचा नि नदीचं गणित दुसऱ्यांच्या पोरांवर सोडायचं?

विद्यापीठवाल्यांनो, तुमच्यासाठी चिखलात उतरून नमुन्याच्या बाटल्या भरणारा माणूस हमाल नाही. त्याला विचारा, त्याचं नाव छापा, त्याच्या पोराला वर्गात घ्या. पोरांनो, तुम्ही भूगोल घ्या, भूशास्त्र घ्या. शिष्यवृत्ती रखडली तर मोर्चा काढू, पण वर्ग सोडू नका.

१९३५ साली स्वीडनच्या फिलिप युल्स्ट्रॉमनं एक आलेख काढला. वाळू थोड्या वेगानं हलते. तिच्याहून कितीतरी बारीक माती मात्र एकदा घट्ट बसली की उचलायला जास्त जोराचा प्रवाह लागतो, कारण कणानं कण धरलेला असतो. सुटा झालेला कण साध्या पाण्याबरोबरही लांब वाहून जातो. मी कविता लिहितो, पण यावर लिहायची गरज नाही. हा आलेख वस्तीच्या भिंतीवर काढा, बस्स.