स्वर्गाचा जिना तुम्हालाच लखलाभ

रॉकच्या दर्दी मंडळींचे देव ठरलेले. लेड झेपेलिन म्हटलं की 'स्टेअरवे टू हेवन'. जेनेसिस म्हटलं की 'सपर्स रेडी', तेवीस मिनिटं डोळे मिटून माना डोलवायच्या. गाणं जितकं लांब, जितकं आभाळातलं, तितकं थोर! हे ठरवलं कुणी? ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर कधी हललं नाही त्यांनी.

'सपर्स रेडी' ज्या 'फॉक्सट्रॉट' तबकडीवर आहे, तिच्याच पहिल्या बाजूला 'गेट एम आउट बाय फ्रायडे' पडून आहे. साल १९७२. इझलिंग्टनची भाडेकरू बाई, मिसेस बॅरो. घरं विकत घेणारी कंपनी, कंपनीचा दलाल, आणि मालकाचा हुकूम : शुक्रवारपर्यंत हाकला. बाई म्हणते, दुप्पट भाडं देते. पण त्यांना भाडं नकोय, जागा हवीय. मग चारशे पौंड आणि नव्या इमारतीचा फोटो. बाई हार्लोला. आणि तिथं पाय टाकते न टाकते तोच भाडं पुन्हा वाढलेलं! मालक, दलाल, बाई, सगळ्यांचे आवाज एकटा पीटर गेब्रिएल काढतो. दलालाचा आवाज असा गोड की कानाखाली वाजवावीशी वाटते.

मग गाणं उडी मारतं थेट २०१२ सालात. सरकारी फर्मान : माणसाची उंची चार फुटांवर जायची नाही. का? बुटकी माणसं त्याच जागेत दुप्पट कोंबता येतात. आणि फर्मान काढणाऱ्या खात्याचे संचालकच गुपचूप इमारती विकत घेत सुटलेत. दोस्तांनो, हा विनोद समजायला आपल्याला शिकवणी लागत नाही.

हे लिहिणारी पोरं चार्टरहाउससारख्या श्रीमंत शाळेतली, म्हणून नाक मुरडणारे आपल्यातही निघतील. मुरडा खुशाल. माझं भांडण वेगळं आहे : बाई हबकते, कुरकुरते, पण दार अडवून उभी राहत नाही. ते त्या पोरांना सुचलंच नाही.

आता झेपेलिन. १९७१ च्या ज्या तबकडीवर स्वर्गाचा जिना, तिच्याच शेवटी 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. याचा तो धडधडणारा ढोल हेडली ग्रेंजच्या खऱ्याखुऱ्या जिन्याखाली ठोकलेला, माइक वर टांगून. गाणं मुळात काळ्यांचं. १९२७ चा मिसिसिपीचा महापूर. ग्रीनव्हिलला काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकावर बांधावर राबवलं. दोन वर्षांनी मेम्फिस मिनी आणि तिचा नवरा कॅन्सस जो मॅककॉय यांनी त्या पुराचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. झेपेलिनच्या तबकडीवर चौघा गोऱ्यांच्या नावांमागे मिनीचं नाव लागलं. जो मॅककॉयचं नाही. १९२९ साली ते गायला होता तोच.