तयार फाइल म्हणजे लाड नव्हेत

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरसोबत कॉन्फिगरेशनची तयार फाइल देऊ नये, असं म्हणणारे जाणकार आहेत. आयतं मिळालं की माणूस वाचत नाही. मॅन्युअल वाचून आपली फाइल आपण लिहावी, हा त्यांचा आग्रह. साताऱ्यात याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या स्वावलंबनाचा दाखला जोडणं सोपं. पण कर्मवीरांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, ते कष्ट करून शिकणाऱ्या पोरांना आधी छप्पर हवं म्हणूनच. तयार फाइल हेही तसंच छप्पर.

तालुक्याच्या कॉलेजात सर्व्हर बघायला वेगळा माणूस कुठला? ते काम बहुधा ग्रंथपालाच्याच गळ्यात पडतं, तेही नॅक आणि मार्चएंड सांभाळून. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवताना तो ‘कोहा-साइट्स डॉट कॉन्फ’ उघडतो. डोमेन, पोर्ट सगळं भरलेलं असतं. ‘इंट्रापोर्ट’ या ओळीतला ८० खोडून ८०८० केला, की कर्मचाऱ्यांचं पान वेगळं, वाचकांचं वेगळं. पोर्ट कशाला म्हणतात हे त्याला या एका ओळीत कळतं. कोऱ्या फाइलीपुढे बसून कळलं नसतं.

आता वजनदार आक्षेप. जानेवारी २०१७ मध्ये खंडणीखोरांनी इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले. पासवर्डची सक्तीच नव्हती. मान्य. पण चूक मूळ सेटिंग देण्यात नव्हती, ते ढिलं देण्यात होती. त्याच वर्षअखेरीच्या ३.६ आवृत्तीपासून हा डेटाबेस, मुद्दाम सांगितल्याशिवाय, बाहेरच्या मशीनचं ऐकेनासा झाला.

शिवाय फाइल दिली नाही म्हणून डिफॉल्ट, म्हणजे मूळ सेटिंग, संपत नाही, ते कोडमध्ये दडून बसतं. पीएचपीला फाइल देऊ नका, तरी अपलोडची मर्यादा २ एमबीच राहते. कॉलेजच्या मूडल या शिकवणीच्या साइटवर सरांची पीडीएफ चढत नाही आणि हा आकडा कुठे लिहिलाय ते कुणाला सापडत नाही. तो डोळ्यांपुढे तरी असू द्या!

आणि डिफॉल्टला गाव असतं. मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ कंपनी स्वीडनची. २०१८ ची ८.० आवृत्ती येईपर्यंत त्याचा मूळ अक्षरसंच लॅटिन-१ आणि क्रमवारी चक्क स्वीडिश. त्यात मराठी नावं भरली की प्रश्नचिन्हांची रांग, नाहीतर सरळ एरर. म्हणून आपल्या फाइली आपणच करायला हव्यात. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. असं काम त्यांनी घ्यावं. अक्षरसंच यूटीएफ८एमबी४, वेळ आशिया/कोलकाता, अपलोडला २ ऐवजी ५० एमबी, आणि प्रत्येक ओळीवर मराठीत टीप. पासवर्डची ओळ तेवढी रिकामी ठेवावी, आणि ती भरेपर्यंत प्रोग्रॅम सुरूच होऊ नये.