हार्ड डिस्कवरच्या मैफलींना नोंद हवी

महाराष्ट्रात आणि गोव्यात हिंदुस्थानी संगीताचे मोठमोठे खासगी संग्रह आहेत. जुन्या तबकड्या, खासगी मैफलींच्या स्पूल टेप आणि आकाशवाणीवरून उतरवून घेतलेल्या कॅसेट यांनी भरलेली ही कपाटे आता संगणकावर येऊ लागली आहेत. काम निकडीचेच आहे. टेपवरचा चुंबकीय थर सुटतो, दमट हवेत बुरशी धरते आणि नीट चालणारे स्पूल प्लेयर शोधून सापडत नाहीत. जागेची अडचण मात्र आता उरलेली नाही. सीडीच्या दर्जाच्या एक तासाच्या ध्वनिमुद्रणाला सुमारे 635 एमबी लागतात. फ्लॅक स्वरूपात, आवाजाला कोणताही धक्का न लागता, ते साधारण निम्म्यावर येते. म्हणजे 5,000 तासांचा संग्रह दोन टीबीच्या एका डिस्कवर मावतो. त्यामुळे टेप उतरवून झाली की काम संपले, असा समज पसरला आहे. तो धोक्याचा आहे. ‘साइड ए’, ‘ट्रॅक 01’, ‘यमन जुने’ अशा नावांच्या हजारो फाइलींत कोण गातो आहे, कधीचे आणि कुठले गाणे आहे हे कळत नसेल, तर तो संग्रह उरला आहे, जपला गेलेला नाही. ध्वनिमुद्रणाइतकीच त्याची नोंद महत्त्वाची आहे आणि ती आपल्या संगीताच्या रचनेप्रमाणे झाली पाहिजे.

आज हाताशी असलेली बहुतेक सॉफ्टवेअर वेगळ्या संगीताच्या सोयीने घडली आहेत. 1996 साली एमपी3 फाइलींसाठी आलेल्या आयडी3 टॅगमध्ये सगळ्या माहितीला मिळून 128 बाइट होते. गाण्याचे नाव, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी 30 अक्षरे, वर्षाला चार, शेऱ्याला 30 आणि संगीतप्रकाराला एक बाइट. पुढच्या आवृत्तीत ही मर्यादा गेली, पण कलाकार, अल्बम, गाणे ही मांडणी तशीच राहिली. चित्रपटगीताला ती पुरते, ख्यालाला पुरत नाही. उस्ताद अमीर खाँ यांची प्रसिद्ध एलपी घ्या. तिच्या एका बाजूला मारवा आहे, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्याच्या एकाच ट्रॅकमध्ये विलंबित आणि द्रुत अशा दोन बंदिशी, दोन वेगळ्या लयींत येतात. सॉफ्टवेअरला यात फक्त एक गाणे दिसते. रात्रभराच्या खासगी मैफलीला तर अल्बमच नसतो. तिला तारीख असते, गाव असते, यजमान असतो, तबल्यावर आणि हार्मोनियमवर कोणीतरी असते. यांतल्या बहुतेक गोष्टींना नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरलेला रकाना दिसत नाही, म्हणून सगळी मैफल ‘अज्ञात अल्बम’खाली जाऊन पडते.

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या श्रोत्यांनी हीच तक्रार वर्षानुवर्षे केली आणि उद्योगाला ती मान्य करावी लागली. अ‍ॅपलने 2021 साली प्राइमफोनिक ही सेवा विकत घेतली आणि 2023 साली अभिजात संगीतासाठी वेगळे अ‍ॅप आणले. त्यात रचनाकार आणि त्याची रचना यांना केंद्रस्थान आहे, त्याभोवती वाद्यवृंद आणि संचालक. ही मांडणीही आपण जशीच्या तशी उचलून चालणार नाही. एकाच बंदिशीची दोन सादरीकरणे आपल्याकडे दोन वेगळ्या कलाकृती असतात. एकाच गायकाचा तोच राग वीस वर्षांनी निराळा उलगडतो. म्हणून आपल्या सूचीच्या केंद्रस्थानी सादरीकरण हवे: कोणी, कोणता राग, कोणती बंदिश, कोणत्या तालात, कोणाच्या साथीने, कधी आणि कुठे मांडला. हे आज करता येते. एमपी3टॅग किंवा फूबार2000 यांसारख्या साधनांत हवे ते रकाने स्वतः तयार करता येतात. म्युझिकब्रेन्झ या खुल्या कोशात हिंदुस्थानी राग आणि ताल नोंदवण्याची सोय आहे. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाने कॉम्पम्युझिक प्रकल्पात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या मोठ्या ध्वनिसंग्रहावर अशाच नोंदींच्या आधारे संशोधन केले. साधने आहेत, एकमताने ठरवलेली पद्धत नाही.

ती पद्धत अवघड असण्याचे कारण नाही. वरच्या रकान्यांत आणखी तीन गोष्टी घालाव्यात: हे मुद्रण कोणत्या टेपवरून वा तबकडीवरून आले, ही माहिती कोणी दिली आणि ती खात्रीची आहे की अंदाजाची. नाव देवनागरीत एका ठरलेल्या पद्धतीने लिहावे, सोबत रोमन रूप द्यावे, म्हणजे एकच गायक चार स्पेलिंगांमुळे चार ठिकाणी विखुरणार नाही. ही माहिती वेगळ्या वहीत वा एखाद्या सॉफ्टवेअरच्या पोटात न राहता फाइलच्या आत असावी, कारण सॉफ्टवेअर बदलते आणि वही हरवते. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या तबकड्या मुद्रित झाल्या, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव उच्चारत. तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तिथे गायिका ओळखता यावी, हा त्यामागचा एक हेतू होता. ओळख ध्वनीसोबतच प्रवास करते, हे तत्त्व आपल्याकडे ध्वनिमुद्रणाइतकेच जुने आहे.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असा, की राग रकान्यात मावत नाही. आक्षेपात तथ्य आहे. नंदला कोणी आनंदी म्हणतात. गौरी भैरव थाटाचा की पूर्वी थाटाचा, कौशी कानडा मालकंस अंगाचा की बागेश्री अंगाचा, हे घराण्याप्रमाणे बदलते. पण मतभेद आहेत म्हणून नोंदच करायची नाही, असे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी म्हटले असते, तर क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग आपल्याला मिळालेच नसते. त्यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी मिळवल्या, रागवार लावल्या आणि रागांविषयीची भिन्न मतेही आपल्या ग्रंथांत मांडली. संगणकाच्या सूचीत तर दोन मते शेजारी ठेवणे कागदापेक्षा सोपे आहे. गायकाने जाहीर केलेले नाव एका रकान्यात, जाणकाराचे मत त्याच्या नावासह दुसऱ्यात.

दुसरा आक्षेप कष्टांचा आहे: उद्या यंत्रच राग ओळखणार असेल तर आज एवढा खटाटोप का? षड्ज शोधून आणि स्वरांचा वावर मोजून प्रचलित राग ओळखण्यात संशोधकांना चांगले यश आले आहे. पण अशी यंत्रे माणसांनी अचूक नोंदवलेल्या मुद्रणांवरच शिकतात. शिवाय एखाद्या जुन्या मैफलीत दुसऱ्या तंबोऱ्यावर कोण होते, ती बैठक कोणाच्या घरी झाली, हे आवाजातून निघणार नाही. ते त्या बैठकीला हजर असलेल्यांच्या आठवणीत आहे आणि ती माणसे आता वयोवृद्ध आहेत. म्हणूनच कामाचा क्रम ठरवावा लागेल. ऐकून कधीही कळेल ते मागे ठेवावे. विचारूनच कळेल ते आधी टिपून घ्यावे.

तिसरा आक्षेप हक्कांचा. सूची उघड झाली की दुर्मिळ मुद्रणे चोरीला जातील, अशी भीती संग्राहकांना आणि कलावंतांच्या कुटुंबांना वाटते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रकाशित ध्वनिमुद्रणावर 60 वर्षे आणि सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणावर 50 वर्षे हक्क असतो. त्याचा मान राखलाच पाहिजे. पण ध्वनी आणि ध्वनीची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमुक गायकाचा अमुक राग अमुक संग्रहात आहे, एवढे जाहीर केल्याने कोणाचा हक्क बुडत नाही. उलट अभ्यासक योग्य दारी परवानगी मागायला जातो.

म्हणून विद्यापीठांचे संगीत विभाग, जुनी म्युझिक सर्कल आणि संग्राहक यांनी एकत्र बसून दहा-बारा रकान्यांचा एक समान नमुना ठरवावा आणि तो सर्वांना मोफत द्यावा. एका संग्रहाची शास्त्रशुद्ध नोंद हा पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रकल्प मानला जावा. त्याला हजारो तासांचे सजग श्रवण यातून जेवढे घडेल तेवढे पाठ्यपुस्तकातून घडणार नाही. डिजिटायझेशनला सरकारी वा खासगी अनुदान देताना नोंदीच्या कामाचे पैसे वेगळे धरावेत आणि नोंद पूर्ण झाल्याशिवाय काम पूर्ण मानू नये. टेप उतरवायला यंत्र पुरते. ती कोणाची, हे सांगायला माणूस लागतो. त्या माणसाच्या कामाला मोल देण्याची तयारी आपण आजच दाखवली पाहिजे.