व्हायोलिनची घरची शाळा

आज व्हायोलिन विकत घेणे पूर्वीइतके दुर्घट राहिलेले नाही. घरबसल्या ते मागविता येते आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर त्याचे धडेही फुकट मिळतात. त्यामुळे ‘घरच्या घरी व्हायोलिन शिकू’ असा संकल्प अनेक कुटुंबांत मोठ्या उत्साहाने सोडला जातो. आणि काही महिन्यांतच ते वाद्य कपाटावर जाऊन पडते. मग मुलाला चिकाटी नाही, असा निकाल वडीलधारी मंडळी देऊन मोकळी होतात. आमच्या मते हा निकाल अन्यायाचा आहे. चूक मुलाची नसते. हे वाद्य घरी शिकणे म्हणजे काय, याचा विचारच आधी झालेला नसतो.

वाद्याचा स्वभाव प्रथम ध्यानी घ्यावा. हार्मोनियमची पट्टी दाबली की ठरलेला स्वर उमटतो. सतारीला पडदे असतात. व्हायोलिनला असा कोणताच आधार नाही. स्वराची जागा बोटाने आणि कानानेच शोधावी लागते. मोकळ्या तारेवरील षड्जाहून कोमल ऋषभाकडे जाताना बोट जेमतेम दोन सेंटीमीटर सरकते. तेथे तीन-चार मिलिमीटरांची चूक झाली तरी स्वर एका श्रुतीने ढळतो. उजव्या हातातील गजाचे काम तर याहून नाजूक. राळ लावलेले घोड्याचे केस तारेला क्षणभर धरतात आणि सोडतात. ही धरसोड सेकंदाला शेकडो वेळा नियमितपणे घडली तरच नाद निर्माण होतो. गजाचा दाब आणि वेग यांचा मेळ बिघडला की नुसती करकर ऐकू येते. म्हणून आरंभीचे काही महिने घरात कर्कश आवाज होणारच. ते अपयश नव्हे. ती या विद्येची पहिली पायरी आहे.

खरी अडचण निराळीच आहे. नवशिक्याचा हात कच्चा असतो, तसाच कानही कच्चा असतो. चुकलेला स्वर रोज ऐकला की तोच बरोबर वाटू लागतो. आखडलेले मनगट आणि वाकडा गज यांची सवय जडते, आणि जडलेली सवय मोडणे हे नव्याने शिकण्याहून कष्टाचे असते. पडद्यावरील चित्रित धडा शिकणाऱ्याला दिसतो. त्या धड्याला मात्र शिकणारा दिसत नाही.

या बाबतीत गोमंतकाला दूर पाहण्याचे कारण नाही. चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांतून येथे कित्येक पिढ्या मुलांना आधी स्वरलिपीचे वाचन आणि मग व्हायोलिन शिकविले जात असे. गावचा ‘मेस्त’ धडा देई, चूक दाखवी. मुलगा घरी जाऊन तो धडा घोटीत बसे. या परंपरेतून बाहेर पडलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे त्यांतले ठळक नाव. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील गाण्यात गुरूचे नाव गुंफून त्यांनी ते ऋण मानले.

व्हायोलिन हे ‘त्यांचे’ वाद्य, अशी समजूत आपल्या हिंदू घरांत अजूनही कोठे कोठे आढळते. ती निराधार आहे. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितरांच्या काळापासून, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे, हे वाद्य शास्त्रीय संगीतात रुळले आहे. महाराष्ट्रात गजाननराव जोशी हे गायक आणि व्हायोलिनवादक अशा दोन्ही नात्यांनी मान्यता पावले. वाईत जन्मलेल्या व्ही. जी. जोगांनी त्याला मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले. गोमंतकीय श्रीधर पार्सेकरांच्या गजाची गोडी जुने रसिक सांगत आले. एन. राजम् यांनी तर वडील नारायण अय्यर यांच्याकडेच पहिले धडे घेतले आणि पुढे आपल्या कन्येला व नातींना ही विद्या दिली. यांचेही शिक्षण घरीच झाले, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण त्या घरात गुरू होता, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा वाद्य घेण्यापूर्वी शिक्षक शोधावा. हिंदुस्थानी पद्धतीत मांडी घालून, वाद्याचे टोक पायाशी टेकवून वाजवितात. पाश्चात्त्य पद्धतीत ते हनुवटीखाली धरतात, आणि तारा जुळविण्याची रीतही निराळी असते. कोणती वाट धरायची ते आधीच ठरलेले बरे. मुलाच्या हाताला पूर्ण आकाराचे वाद्य देऊ नये. पाव, अर्धे, पाऊण अशी मापे त्याचसाठी असतात. आठवड्यातून एकदा जरी जाणत्यापुढे बसता आले, तरी उरलेले सहा दिवस तंबोऱ्याच्या साथीने वीस-पंचवीस मिनिटांचा रियाज घरी फलदायी होतो. आपल्या किनाऱ्यावरची पावसाळी हवाही लक्षात ठेवावी. तीत लाकूड फुगते, खुंट्या अडकतात, सरसाचे सांधे सुटू शकतात. वाजवून झाल्यावर गज सैल करून वाद्य पेटीत कोरडे ठेवणे हाही अभ्यासाचाच भाग होय.

परंतु सारा भार पालकांवर टाकून भागणार नाही. पणजीच्या कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही संगीताच्या शिक्षणाची सोय आहे. पेडणे-काणकोणच्या खेड्यातील मुलाला ती रोजची कशी परवडावी? पॅरिश शाळांची ती घडी विसाव्या शतकात विस्कटली आणि गावागावांतला मेस्त दिसेनासा झाला. सरकारी विद्यालये, पंचायती आणि देवळांच्या भजनी मंडळांनी मनावर घेतले, तर आठवड्यातून एक दिवस फिरता शिक्षक गावात आणणे अशक्य नाही. शेजारच्या वाड्यावर एखादा जुना ख्रिस्ती वादक असेल, तर त्याच्या पायाशी बसण्यात आपल्या मुलांना कमीपणा तो कसला? स्वराला जात नाही की धर्म नाही.

आणि घरातल्यांनी एवढे करावे: पहिल्या वर्षीच्या करकरीला हसू नये. पाहुण्यांपुढे गाणे वाजवून दाखविण्याचा आग्रह धरू नये. व्हायोलिनची घरची शाळा चालते ती गुरूच्या नजरेवर आणि घरच्यांच्या सोशिकपणावर. यांतले एक जरी उणे पडले, तरी कपाटावर आणखी एका वाद्याची भर पडेल.