हात धुवा म्हणता, पाणी कोठे आहे?

दरवर्षी १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुण्याचा दिवस साजरा होतो. २००८ पासूनचा हा प्रघात आता अंगणवाड्यांपर्यंत पोचला आहे. पाहुणे येतात, मुले ओळीने उभी केली जातात, साबणाचा फेस होतो, छायाचित्रे निघतात आणि अहवाल वर जातो. १६ ऑक्टोबरला मात्र अनेक ठिकाणी मदतनीस बाई पुन्हा हंडा घेऊन हातपंपाची वाट धरते. लहान मुलांच्या आरोग्यसवयींची एवढी काळजी वाहणाऱ्यांनी त्या हंड्याकडे कधी पाहिले आहे काय?

सवयींचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुणे हे अतिसाराविरुद्धचे स्वस्त आणि प्रभावी साधन आहे. ज्या मुलाला वारंवार हगवण लागते, ज्याच्या पोटात जंत होतात, त्याच्या अंगी अन्न लागत नाही. पोषण आहाराचा घास एका हाताने द्यावयाचा आणि दूषित पाण्याने तो हिरावून घ्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ३४.४ टक्के होते. खुजेपणाला दारिद्र्यापासून मातेच्या कुपोषणापर्यंत अनेक कारणे आहेत. परंतु अस्वच्छ पाणी हे त्यांतील एक आहे, याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो दोष कोणाच्या माथी मारावयाचा याबद्दल. सरकारी भित्तिपत्रकाचा सूर ठरलेला असतो: आई अडाणी आहे, मूल गलिच्छ आहे, तेव्हा दोघांना शिकवा. आता साधा हिशेब करून पाहा. पंचवीस मुलांची अंगणवाडी धरली आणि एका मुलाला एका वेळी अर्धा लिटर पाणी लागते असे मानले, तर दिवसातून तीनदा हात धुण्यास साडेसदतीस लिटर पाणी हवे. म्हणजे पिण्याचे, स्वयंपाकाचे, भांड्यांचे आणि शौचाचे पाणी सोडून अडीच-तीन हंडे! ते डोक्यावरून आणावयाचे असेल तर काय होईल? एका घमेल्यात पाणी भरले जाईल आणि सारी मुले त्यातच हात बुडवतील. मग एकाच्या हाताची घाण पंचविसांच्या हाती जाईल. याला आरोग्यशिक्षण म्हणावयाचे काय?

ज्यांना पाणी नाकारावयाचे त्यांनाच अस्वच्छ म्हणून हिणवावयाचे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांनी या रीतीवरच बोट ठेवले होते. आजही नळ नसलेल्या वस्तीला स्वच्छतेचे व्याख्यान देणारा मनुष्य त्याच परंपरेचा वारसदार आहे, मग त्याचा हेतू कितीही शुद्ध असो.

याउलट दुसरी परंपराही महाराष्ट्राचीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात गेले पाहिजे, या विचारातून अंगणवाडी जन्मली. तेथे मुलांना आधी न्हाऊ घातले जाई, त्यांची नखे कापली जात, केस विंचरले जात, धडा त्यानंतर. तीन वर्षांचे मूल उपदेशाने शिकत नाही. रोज त्याच वेळी, त्याच जागी, आपल्या उंचीच्या नळाखाली, मोठ्या माणसाच्या शेजारी उभे राहून केलेली कृतीच त्याच्या अंगवळणी पडते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिने अंगणवाडी हे नाव घेतले, पण तो विचार अर्धाच घेतला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमाने प्रत्येक अंगणवाडीत स्वयंपाकाची, पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतेची सोय असलीच पाहिजे, असे बंधन घातले. २ ऑक्टोबर २०२० रोजी शाळा आणि अंगणवाड्यांना शंभर दिवसांत नळाचे पाणी देण्याची मोहीम सुरू झाली. कागदावर नळजोडण्या मोजल्या जातात. वैशाखात त्या नळाला पाणी येते काय, हे कोण मोजतो? शहरातील झोपडपट्टीत भाड्याच्या एका खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीला संडास आहे काय, हे कोण विचारतो?

आणि ही सवय लावणार कोण? जिला शासन कामगार म्हणावयास तयार नाही ती सेविका! तिला वेतन नाही, मानधन आहे. केंद्राने हे मानधन २०१८ साली वाढविले, ते महिना साडेचार हजार रुपये. मदतनिसाचे सव्वादोन हजार. सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी दिला. तरीही या मागण्यांसाठी महाराष्ट्रातील सेविकांना ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला. मुलांचे हात धुवून देणारे हातच राज्यकर्त्यांच्या लेखी बिनमोलाचे आहेत.

येथे आपणही आत्मपरीक्षण केले पाहिजे. नखे, साबण, रुमाल हे सुधारकी विषय आहेत, खरा प्रश्न व्यवस्थेचा आहे, असे म्हणून आपल्यापैकी अनेक साथी या कामाकडे पाठ फिरवितात. पण व्यवस्था म्हणजे तरी काय? अंगणवाडीतला कोरडा नळ हीच व्यवस्था आहे. व्यवस्था बदलेपर्यंत मुलांनी हगवणीने आजारी पडत राहावे, असे तर आपले म्हणणे नाही ना?

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या क्षेत्रातील अंगणवाड्यांची यादी करावी. प्रत्येक ठिकाणी उन्हाळ्यात जाऊन पाहावे: नळाला पाणी आहे काय, तो मुलाच्या उंचीला आहे काय, साबण कोणाच्या पैशाने येतो, संडासाला कुलूप आहे की दार. ही माहिती ग्रामसभेत वा नगरपालिकेत जाहीरपणे मांडावी, कायद्याचे पाचवे कलम वाचून दाखवावे आणि पाणी येईपर्यंत प्रश्न सोडू नये. सेविकांच्या वेतनाच्या लढ्यात त्यांच्या बाजूने उभे राहावे. आणि या मधल्या काळात स्वतः दोन हंडे पाणी भरण्यात कमीपणा मानू नये.

मुलांना हात धुवावयास अवश्य शिकवू या. परंतु पाणी देण्याचे आपले कर्तव्य झटकून राज्यकर्त्यांना आपले हात धुवून मोकळे होऊ देता कामा नये.