उसना निवारा

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेनें पन्नासएक किलोमीटर गेलें म्हणजे नीरा नदी लागते, आणि नदी ओलांडली कीं शिरवळ. सातारा जिल्ह्याचा हा उंबरठा होय. पुढें खंबाटकीचा घाट, त्यापलीकडे वाई, वाईच्या डोक्यावर पसरणीचा घाट आणि मग पांचगणी व महाबळेश्वर. पश्चिमेस वळल्यास भोरावरून वरंध घाट. रविवारीं पहाटे पुण्याहून निघालेले सायकलस्वार ऊन चढण्यापूर्वीं शिरवळास पोहोंचतात, चहा घेतात, आणि त्यांतील पुष्कळसे आल्या वाटेनें माघारीं फिरतात. जे माघारीं न फिरतां डोंगराकडे तोंड करतात त्यांच्याविषयीं, आणि त्याहूनहि अधिक त्यांना डोंगरांत धाडणाऱ्यांविषयीं, आम्हांस चार स्पष्ट शब्द लिहावयाचे आहेत.

आपलें सामान आपल्या सायकलीवर बांधावें, मागें मोटर नसावी, मदतनीस नसावा, भूक, झोंप, दुरुस्ती हें सारें ज्याचें त्यानें पाहावें, आणि असे शेंकडों किलोमीटर डोंगर तुडवीत जावें, या प्रकारास ‘बाइकपॅकिंग’ असें नांव आहे व त्याच्या शर्यती भरतात. माइक हॉल या इंग्रज स्वारानें २०१३ सालीं युरोप खंड ओलांडणारी ‘ट्रान्सकॉन्टिनेंटल’ शर्यत सुरू केली. २०१८ सालीं किरगिझस्तानच्या पर्वतांत ‘सिल्क रोड माउंटन रेस’ सुरू झाली. आपल्याकडे या शर्यतींचें सख्खें भावंड म्हणजे फ्रेंच पद्धतीच्या ‘ब्रेव्हे’ रपेटी. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत व ६०० चाळीस तासांत पुरे करावयाचे, आणि नेमलेल्या नाक्यांखेरीज वाटेंत कोणाची मदत घ्यावयाची नाहीं. हिला शर्यत म्हणूं नये असा दंडक असला तरी घड्याळाचा चाबूक पाठीवर असतोच. मागें मदतीची मोटर घेऊन पुण्याहून गोव्यास जाणारा शर्यतवीर आपला निवारा चार चाकांवर बरोबर नेत असतो. या स्वारांस तीहि सोय नाहीं.

या कल्पनेंत उदात्त असें कांहीं आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. ज्या घरांतून मुलाचें दप्तर आई वाहते, त्याच घरांतील तरुणतरुणींनीं आपला भार आपण वाहण्याचा पण करावा, ही आम्हांस आनंदाचीच गोष्ट वाटते. परंतु स्वावलंबन हा शब्द महाग आहे, आणि तो मिरविणाऱ्यानें त्याची किंमत पुरती चुकविली पाहिजे. या मंडळींचीं सामानाचीं ओझीं पाहावीं. जादा रबरी ट्यूब आहे, पंप आहे, दिवा आहे, मार्ग दाखविणारें यंत्र आहे, त्या यंत्रास वीज पुरविणारी बॅटरीहि आहे. नसतें तें काय? पाऊस अडविणारा डगला, कोरडा लोकरी अंगरखा, आणि रात्र उघड्यावर काढावी लागल्यास अंगाभोंवतीं घेण्याचें आवरण. कारण विचारावें तर उत्तर ठरलेलें: वजन वाढतें! आमचें म्हणणें असें कीं, हें वजन नाहींसें होत नाहीं, तें फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर जातें. जो निवारा बरोबर नेत नाहीं तो स्वावलंबी नव्हे, तो ऋणको आहे. आणि त्याचें ऋण घाटांतलीं माणसें फेडीत असतात.

सह्याद्रींत बर्फ पडत नाहीं, तेव्हां येथें थंडीनें कोण मरतें, असा एक समज रूढ आहे. हा समज घातक आहे. मनुष्याच्या शरीराचें उष्णमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतें. तें ३५ अंशांखालीं उतरलें कीं आधीं कांपरें भरतें, मग बोटें बधिर होऊन ब्रेक दाबला जात नाहीं, आणि शेवटीं बुद्धीच मंदावते, म्हणजे आपण संकटांत आहों हें कळण्याचें साधनच हातचें जातें. यासाठीं गोठविणारी थंडी लागत नाहीं. ओलें अंग, वारा आणि थकवा एवढें पुरतें. पाणी हवेपेक्षां सुमारे पंचवीस पट वेगानें अंगांतील ऊब ओढून नेतें. शिरवळाहून महाबळेश्वर सुमारे आठशें मीटर उंच आहे, आणि उंची हजार मीटर वाढली कीं उष्णमान सरासरी साडेसहा अंशांनीं उतरतें. घाट चढतांना स्वार घामानें भिजतो, माथ्यावर पावसानें भिजतो, आणि उतार लागला कीं पाय थांबतात. अंगांतली भट्टी विझते, वारा मात्र दुप्पट होतो. पसरणीचा घाट उतरतांना जो कुडकुडला आहे त्यास हें गणित समजाविण्याची गरज नाहीं.

पावसाचेंहि तसेंच. महाबळेश्वरीं वर्षाकांठीं साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून एकोणीस किलोमीटरांवरील पांचगणीस त्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतका. वाईस त्याहूनहि पुष्कळ कमी. म्हणजे शिरवळच्या कोरड्या सकाळीं आकाशाकडे पाहून ज्यानें डगला घरीं ठेवला, त्यानें हवामान पाहिलेंच नाहीं. त्यानें फक्त शिरवळ पाहिलें. २०२१ च्या जुलैंत महाबळेश्वरीं एका चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यांतील आंबेघर व मीरगांव येथें आणि महाड तालुक्यांतील तळिये येथें दरडी कोसळून माणसें घरांसकट गाडलीं गेलीं. ज्या वाड्यांतून आपण रात्रीं हक्कानें दार ठोठावणार, त्या वाड्यांच्या स्वतःच्या छपरांची ही कथा आहे. वरंध घाट तर दरडींच्या भयानें पावसाळ्यांत बंद ठेवण्याचे हुकूम अलीकडे वारंवार निघाले आहेत. हे हुकूम मोडण्यांत कांहीं मंडळींस पराक्रम वाटतो, याचा आम्हांस विषाद वाटतो.

कोणी म्हणेल, हें प्राध्यापकी भय आहे. तर मग चीन देशांतील गान्सू प्रांताकडे पाहा. २२ मे २०२१ रोजीं तेथें डोंगरांतून शंभर किलोमीटर धावण्याची शर्यत होती. १७२ धावपटू निघाले. दुपारीं गारा, थंडगार पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला, व २१ जण प्राणांस मुकले. मेलेल्यांत लिआंग जिंग हा त्या देशांतील नामांकित धावपटूहि होता. तेव्हां बळाचा अभाव हें कारण सांगतां येत नाहीं. वारा अडविणारा डगला त्या शर्यतीच्या सक्तीच्या सामानांत नव्हता. आणि त्याच डोंगरांत एका मेंढपाळानें सहा जणांचे प्राण वांचविले. कशाच्या जोरावर? पावसापाण्याच्या वेळीं उपयोगी पडावें म्हणून त्यानें एका गुहेंत सरपण व पांघरूण आधींच ठेवलें होतें. त्या दिवशीं डोंगरांत तयारीनिशीं आलेला तोच एक होता, आणि तो शर्यतींत नव्हता!

आतां आक्षेप पाहूं. पहिला आक्षेप वजनाचा. पाऊस अडविणारा हलका डगला दोनतीनशें ग्रॅमांचा असतो; चकाकत्या पन्नीचें संकटकाळचें पांघरूण शंभर ग्रॅमांच्याहि आंत बसतें. पाण्याची एक भरलेली बाटली याहून जड असते. परदेशी दुकानांतील भारी किंमतीचा माल हवा असेंहि नाहीं. आपल्या मावळांतला गुराखी इरलें व घोंगडी घेऊन सबंध आषाढ डोंगरावर काढीत आला. घोंगडी भिजली तरी ऊब राखते, हें त्यास कोणत्याहि जाहिरातीनें शिकविलें नव्हतें.

दुसरा आक्षेप असा कीं, आपल्या देशांत गांवोगांवीं देवळें आहेत, एस. टी. चे थांबे आहेत, माणुसकी आहे. मग छप्पर बरोबर कशाला? या आक्षेपास उत्तर द्यावयास शिरवळासारखें दुसरें गांव नाहीं. गांवाजवळच्या डोंगरांत बौद्ध भिक्षूंचीं जुनीं लेणीं आहेत. पावसाळ्यांत फिरती थांबवून एका ठिकाणीं वर्षावास करावा, असा भिक्षूंचा नियम होता. त्या नियमासाठीं कातळ आधीं खोदावा लागला. गांवांत जुनी दगडी पाणपोई आहे. तीहि तहान लागण्यापूर्वीं कोणी तरी बांधून ठेवली. याच खंडाळा तालुक्यांत लोणंदास ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीचा मुक्काम असतो. ऐन पावसाच्या तोंडावर निघणाऱ्या त्या वाटचालींत मुक्काम ठरलेले असतात, दिंड्यांच्या राहुट्यांची व शिध्याची वाहनें पुढें गेलेलीं असतात. एवढी तरतूद करतो म्हणून वारकऱ्यास कोणी भित्रा म्हटल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. तेव्हां आपल्या परंपरेचा दाखला द्यावयाचा तर तो पुरता द्यावा: निवारा ही पूर्वतयारीची गोष्ट आहे, ऐनवेळच्या याचनेची नव्हे. देवळाच्या ओवरींत टेंकावयास कोणाचीच हरकत नाहीं. परंतु ती ओवरी कोणत्या गांवीं आहे, रात्रीं उघडी असते कीं नाहीं, दोन ओवऱ्यांमध्यें किती चढ आहे, हें आधीं ठाऊक करून घेतलें तरच तो निवारा. वळवाच्या व परतीच्या पावसांत विजा पडतात, तेव्हां उघडें पठार व एकटें झाड टाळावें, तंबू विजेपासून रक्षण करीत नाहीं, पक्कें घर किंवा बंद मोटर मात्र करते, या ज्ञानास तर मुळींच वजन नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत शूर दिसतो: “जीव आमचा, धोका आमचा.” हें खोटें आहे. स्वार दरींत पडला किंवा धुक्यांत हरवला म्हणजे दोर घेऊन उतरतात ते महाबळेश्वर ट्रेकर्स किंवा लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र यांसारख्या संस्थांचे स्वयंसेवक. त्यांनाहि घरें आहेत, घरीं वाट पाहणारीं माणसें आहेत. ज्याच्या शोधासाठीं दुसऱ्यास निसरड्या कड्यावर जावें लागतें, त्याचा धोका त्याचा एकट्याचा कधींच नसतो.

म्हणून आमची मागणी आयोजकांकडे आहे. रात्रीचा दिवा व चमकणारा जाकीट यांवांचून ब्रेव्हेच्या स्वारास अंधारांत जाऊं देत नाहींत, आणि तें योग्यच आहे. मग घाटांत जाणाऱ्याचा पावसाचा डगला, कोरडा थर व संकटकाळचें पांघरूण निघण्यापूर्वीं कां तपासूं नये? वाटेवरील खात्रीच्या निवाऱ्यांची यादी स्वारांच्या हातीं कां देऊं नये? हवा बिघडली असतां शर्यत थांबविण्याचा अधिकार कोणाचा, हें आधींच लिहून कां ठेवूं नये? “स्वतःच्या जबाबदारीवर” अशा कागदावर सही घेतली कीं आपलें कर्तव्य संपलें, असें मानणारा आयोजक स्वारांचें नव्हे, स्वतःचेंच पावसापासून रक्षण करीत असतो.

आणि शेवटीं आईबापांस एक विनंती. मुलगा वा मुलगी अशा वाटेस निघाली तर “जाऊं नको” म्हणूं नका. तो उपदेश कोणी ऐकत नाहीं व ऐकूंहि नये. परंतु निघण्याच्या आदल्या रात्रीं तीं ओझीं उघडून पाहण्याचा तुम्हांस अधिकार आहे. त्यांत डगला नसेल, तर मुलांस एवढेंच विचारा: उद्यां भिजल्यावर कोणाच्या दारांत उभें राहावयाचें ठरविलें आहे, आणि त्या घरच्यांस तें विचारलें आहे काय?